नाकवाले भाऊ

यवतमाळात जुन्या कॉम्प्युटरचे पार्ट विकणारे तेव्हा चार-पाच जण होते, पण माल हातात घेऊन आधी त्याचा वास घेणारा एकच. रॅम असो, मदरबोर्ड असो, नाहीतर एखाद्या कचेरीच्या लिलावातून आलेलं धुळीने माखलेलं अख्खं कॅबिनेट असो, भाऊ ते आधी नाकाशी नेत. डोळे मिटत. दोन बारीक श्वास, मग एक लांब. नवीन गिऱ्हाईक असलं तर ते चुळबुळ करायचं, कुणी फिसकन हसायचं. भाऊंना त्याचं काही नसे. डोळे उघडून ते पार्ट उजवीकडच्या फळीवर ठेवत, नाहीतर डावीकडच्या पिंपात टाकत. फळी म्हणजे विकायचं, पिंप म्हणजे भंगार. तिसरी जागा दुकानात नव्हती.

दुकानाच्या पाटीवर काहीतरी चांगलंसं नाव होतं, पण ते ऑटोवाल्याला सांगितलं तर तो तोंडाकडे बघत बसायचा. 'नाकवाले भाऊ' म्हटलं की बाजाराच्या मागच्या बोळात नेमकं आणून सोडायचा. समोर एक नवं काचेचं दुकान होतं. त्याचा मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचा, हा माणूस कॉम्प्युटर विकतो का अत्तर? ते भाऊंच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "अत्तर असतं तं सोपं होतं. अत्तर सगळ्याईलेच चांगलं वाटते."

मी राळेगावची. लग्न मोडून माहेरी आले होते आणि दिवसभर आईचे सुस्कारे ऐकण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून बसस्टँडजवळ दोन खोल्या घेऊन कॉम्प्युटर क्लास काढला होता. सहा कॉम्प्युटर, सगळे कुणी ना कुणी वापरून टाकलेले. पहिल्याच महिन्यात त्यातला एक बंद पडला. ते धूड एसटीत मांडीवर घेऊन मी यवतमाळला निघाले. कंडक्टर म्हणाला, सामानाचं तिकीट काढा. त्याच्याशी भांडले. म्हणजे भाऊंच्या दुकानात पहिल्यांदा पाय ठेवला तोच डोकं तापवून.

"नवीन रॅम द्या," मी म्हटलं. "मले मालूम हाय, रॅमच गेली."

भाऊंनी कॅबिनेटचं झाकण काढलं, आत नाक घातलं आणि विचारलं, "तुमच्या बाजूले भजे कोन तळते?"

माझ्या क्लासच्या भिंतीला भिंत लावून एक हॉटेल होतं. तिथली कढई सकाळी चढायची ती संध्याकाळीच उतरायची. भाऊंनी रॅम काढली, शाळेतलं एक खोडरबर घेऊन तिच्या सोनेरी दातांवर घासलं, फुंकर मारली, परत बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला. तेलाचा थर बसला होता, बाकी काही नाही. मला उलट रागच आला. एवढं भांडत आणलं ते खोडरबरासाठी? "अजी, नवीनच देऊन द्या ना, पैसे आहेत माह्याजवळ."

"असतीन. त्याचं दुसरं काही घ्या," भाऊ म्हणाले. "मले फक्त चहा पाजा."

मला स्वस्ताची हाव आहे, हे मी लपवत नाही. क्लास चालवणाऱ्या बाईला ती धरावीच लागते. त्या दिवसापासून दर गुरुवारी, क्लासच्या सुटीच्या दिवशी, मी यवतमाळला जाऊ लागले. अख्ख्या जिल्ह्यात भाऊंच्यापेक्षा चांगला सौदा मला कुठेच मिळाला नाही, आणि त्यातले निम्मे सौदे म्हणजे त्यांनी मला जे विकायचं नाकारलं तेच होते.

त्यांच्याकडे वॉरंटी नव्हती. कागद नाही, शिक्का नाही. कुणी मागितलाच तर ते बोटाने समोरचं दुकान दाखवत. "कागद पाह्यजे तं तठी जा, लय सुंदर कागद देतेत. माया इथं नाकच हाय." आणि त्या नाकाने फळीवर ठेवलेली वस्तू कुणी परत आणलेली मी कधी पाहिली नाही. दुकान चालायचं ते तेवढ्यावर. वीज तपासायचा मीटर होता त्यांच्याकडे, तोही लावून बघत, पण लावल्यासारखा. एकदा मी विचारलं, की मीटर सगळं सांगतो तर हे हुंगणं कायले?

"मीटर आजचं सांगते, मॅडम. चालू हाय का बंद हाय. उद्या जळनार हाय का, ते वास सांगते. जो माल आतून तापून गेला, त्याले वास राह्यतेच."

वासावरून ते कॉम्प्युटरचं घर ओळखत. जिनिंगच्या ऑफिसातला असला तर सरकीचा वास, शाळेतला असला तर खडूचा आणि उंदराचा, दवाखान्यातला असला तर स्पिरिटचा. एकदा एक बाई प्रिंटर घेऊन आल्या. भाऊंनी हुंगला आणि सहज बोलून गेले, "या खोलीत कोनी बिडी पेते, अन् वरतून अगरबत्ती लावते." बाईंचा चेहरा असा काही झाला, की मी पाठ फिरवून हसू दाबलं. बाईंचे यजमान गावातले नावाजलेले वकील होते आणि बिडी सोडून त्यांना म्हणे पाच वर्षं झाली होती. त्यानंतर वकीलसाहेब दुकानासमोरून जाताना दुसऱ्या बाजूला मान वळवून जायचे. भाऊंना वाईट वाटलं. "मी मानसाचं नव्हतो सांगत, प्रिंटरचं सांगत होतो," म्हणाले.

ऑफिसातला जुना माल एकगठ्ठा विकायला निघतो, त्याला लॉट म्हणतात. लॉट घेताना भाऊंची एक रीत होती. एकेक नग हुंगायचा, आणि त्यात एक जरी नासका निघाला तरी सगळा लॉट परत. मग बाकीचे कितीही चांगले असोत. "एकाच खोलीत, एकाच लाइनीवर राबले ना ते? एकाले झटका लागला म्हंजे दुसऱ्याईलेही लागलाच असन. आज नाही दाखवत, उद्या दाखवन." दुसरे दुकानदार त्यांना वेडा म्हणायचे. तोच परत केलेला लॉट दुसरा कुणी उचलायचा आणि बिनदिक्कत विकायचा. या रितीपायी भाऊंचं किती नुकसान झालं असेल, ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. बोलायचे ते एकाच गोष्टीबद्दल, त्यांच्या गावच्या अभ्यासिकेबद्दल.

त्यांचं गाव आमच्या राळेगावच्या रस्त्यावरच, फाट्यावर उतरून आत चालत जायचं. गावातल्या बौद्ध विहाराला लागून एक खोली होती, तिथे पोरं-पोरी पोलीस भरतीचा, तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करत. पुस्तकांचं एक लाकडी कपाट होतं. वीस वर्षं गावाने एकेक पुस्तक जमवून ते भरलं होतं, आणि त्यातली बरीचशी भाऊंनी यवतमाळहून पिशवीत घालून नेली होती. "मी तिले लायब्ररी नाही म्हनत. कपाट हाय एक. पन भरलेलं हाय," ते म्हणायचे. तिथे एक चांगला कॉम्प्युटर ठेवायचा, हे त्यांच्या डोक्यात फार दिवसांचं होतं. फॉर्म भरायला पोरींना तालुक्याला जावं लागतं, याचा त्यांना राग होता. पण चांगल्यातला चांगला पार्ट आला, की ते म्हणत, "हा ठीक हाय, पन गावात द्याले नाही." गावासाठी कुठलाच पार्ट त्यांच्या नाकाला पुरेसा चांगला वाटत नव्हता.

मग कोरोना आला. दुकानं बंद झाली, क्लास बंद झाला. भाऊ तीन आठवडे दवाखान्यात होते, हे मला ते घरी आल्यावर कळलं. पुन्हा दुकान उघडलं तेव्हा मी पहिल्याच गुरुवारी गेले. भाऊंचा शर्ट खांद्यावरून लोंबत होता, मनगटं बारीक झाली होती. मी आजाराबद्दल विचारलं तर म्हणाले, "गेलतो, आलो."

त्याच दिवशी त्यांनी एक मदरबोर्ड माझ्यासमोर धरला. "घ्या मॅडम. सांगा."

"मी? मले काय समजते यातलं?"

"समजन. घ्या त खरं."

मी लाजत लाजत वास घेतला. ओल्या पोत्यासारखा होता, तसं सांगितलं. भाऊंनी मान डोलावली आणि बोर्ड पिंपात टाकला. मग दुसरा पार्ट, मग तिसरा. असं दर गुरुवारी सुरू झालं. ते बारकाईने विचारत. गोड हाय का कडू? वरतून येते का खालतून? नाकात राह्यते का जाते? मी सांगायची, ते ऐकायचे, डोळे मिटून. तेव्हापासून मला मॅडम म्हणायचं सोडून ते 'पोरी' म्हणायला लागले.

मी हवेत गेले. का जाऊ नये? ज्या माणसाशी संसार केला त्याने चार वर्षं उठता-बसता मला एकच विचारलं होतं, तुला काय कळतं? आणि इथे सगळं यवतमाळ ज्याच्या नाकावर विसंबतं तो माणूस आपली विद्या मला देत होता. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "वास घ्याले शिकोते? बरा हाय ना तो मानूस?" मी तिच्यावर चिडले. मला वाटायचं, भाऊंना वारस हवा होता आणि त्यांनी मला निवडलं.

एक गोष्ट माझ्या डोळ्यांपुढे घडत होती आणि मला दिसत नव्हती. मी नसताना आलेला माल भाऊ फळीवरही ठेवत नसत आणि पिंपातही टाकत नसत. तो टेबलाखाली जमत राही. गुरुवारपर्यंत.

पुढच्या वर्षी माझ्या क्लासची तपासणी आली. मान्यता टिकवायची तर सोमवारी दहा कॉम्प्युटर चालू स्थितीत दिसायला हवे होते. माझे जुने सहा नियमात बसत नव्हते; मी कुठून कुठून जमवून दहा उभे केले होते, पण त्यांना सप्लाय नव्हते. सप्लाय म्हणजे कॅबिनेटच्या पाठीमागे बसवायचा लोखंडी डबा, आतल्या सगळ्यांना वीज पुरवणारा. दहा नवे घेणं माझ्या आवाक्यात नव्हतं. मान्यता गेली असती तर क्लास गेला असता, आणि मी परत आईच्या सुस्काऱ्यांत जाऊन बसले असते. बुधवारी भाऊंचा फोन आला. "लोहाऱ्याच्या एमआयडीसीतली एक कंपनी बंद पडली. तिच्या ऑफिसातले अकरा सप्लाय आले. मीटरवर पास हायेत. ये, वास घेऊन पाहू. जमलं तं दहा तुहे."

गुरुवारी टेबलावर अकरा डबे ओळीने मांडलेले होते. मी एकेक उचलला. पहिला चांगला, दुसरा चांगला. धूळ, पत्रा, जुनी वायर, बस्स. सातवा उचलला आणि थांबले. फार बारीक वास होता. करपलेल्या गुळासारखा, आणि त्याच्या खाली थोडा सुकटीचा.

"काय?" भाऊंनी विचारलं.

त्यांची रीत मला पाठ होती. एक नासका निघाला की अकराही परत. आणि सोमवार चार दिवसांवर होता.

"धूळ हाय," मी म्हटलं.

"फक्त धूळच?"

"हो."

भाऊ म्हणाले, "ठीक हाय," आणि चहा सांगायला बोळाच्या तोंडापर्यंत गेले. ते गेल्यावर मी माझे दहा डबे पोत्यात भरले. सातवा मी हाताने बाजूला सारून ठेवला. आपण काय करतोय हे मला पुरतं कळत होतं. तो फळीवर पडून राहील, कुणीतरी कधीतरी आतले स्क्रू काढायला नेईल, असं मनाला सांगितलं. चहा पिऊन, पोतं घेऊन निघाले. सोमवारी तपासणी झाली. दहाच्या दहा कॉम्प्युटर चालले आणि तपासायला आलेल्या साहेबांनी शेराही चांगला लिहिला.

महिनाभराने क्लासमधली एक मुलगी उशिरा आली आणि म्हणाली, मामाच्या गावी गेलते, तिथल्या अभ्यासिकेत आग लागली. मी गावाचं नाव विचारलं. तिने सांगितलं, ते भाऊंचं गाव होतं.

दुपारची वेळ होती. एक पोरगी कॉम्प्युटरवर फॉर्म भरत होती. मागून फट्‍ असा आवाज आला आणि कॅबिनेटच्या पाठीतून जाळ निघाला. टेबलावर प्लॅस्टिकचं कापड होतं, ते पेटलं आणि त्याला लागून कपाट. पोरगी बाहेर पळाली, तिला काही झालं नाही. लोकांनी बादल्यांनी आग विझवली, पण कपाट गेलं. विहाराची ती भिंत छतापर्यंत काळी झाली. कॉम्प्युटर नाकवाले भाऊंनी पंधरा दिवसांपूर्वीच दिला होता, दान म्हणून. त्यात सप्लाय कोणता होता हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती.

मी गुरुवारची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी क्लास बंद ठेवून यवतमाळला गेले. सगळं सांगून टाकायचं, हे ठरवूनच गेले होते. दुकानाच्या दारातच मला घाण वासाचा भपकारा आला. काहीतरी मेलं होतं आत. आतमध्ये भाऊंच्या गावचे दोन म्हातारे बाकावर बसले होते. दोघांनी गमछे नाकाशी धरले होते आणि घाम पुसल्याचं दाखवत होते. भाऊ समोर बसून चहात बिस्कीट बुडवून खात होते.

एक म्हातारा बोलत होता. "आमी भांडाले नाही आलो, भाऊ. पोरगी वाचली हे लय झालं. पन तुमी वास घेऊन देल्ला होता ना? मंग कसं झालं? एवढंच विचाराले आलो."

भाऊंनी कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "घेतला होता. मीच घेतला होता. चुकलो."

म्हातारे जय भीम म्हणून उठले आणि बाहेर पडल्या पडल्या दोघांनी मोकळा श्वास घेतलेला मी पाहिला.

"भाऊ, उंदीर मेला हाय इथं," मी म्हटलं.

"कुठं?"

"कुठं म्हंजे? सगळ्या दुकानात घाण सुटली हाय!"

भाऊंनी मान वर केली. दोन बारीक श्वास, मग एक लांब. चेहऱ्यावर काहीही नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला एकदम सगळं समजलं. तो माणूस मला शिकवत नव्हता. विद्या देत नव्हता. वर्षभर माझ्या नाकाने वास घेत होता.

"तापापासून?" मी विचारलं.

"तवापासून. करपलेलं समजत नाही, नासलेलं समजत नाही. दोन-तीन डॉक्टर केले. येईन म्हनतेत."

"सांगतलं काहून नाही कोनाले?"

"काय सांगू? मीटर तं सगळ्याईपाशी हाय. माया इथं दुसरं होतं काय?"

मी बाकावर बसले आणि रडायला लागले. शिकाऊ पोरीने चूक केली असती तर ती चूक असती. मी केली होती ती चूकच नव्हती. भाऊ उठून जवळ आले. त्यांना वाटलं, मी आगीचं ऐकून रडते आहे.

"तू कायले रडून राह्यली, पोरी? तुहं नाक कच्चं होतं. मले हे यायले बारा वर्ष लागले, तुले तं दोन नाही झाले. कच्च्या नाकावर मी भरोसा टाकला, ती मायी चूक. तुही नाही."

तिथे तोंड उघडायचं होतं मला. उघडलं नाही. त्यांनी मला आयती सुटका दिली आणि मी ती घेतली. मी काय केलं, तर उठून पिंप सरकवलं, मागे मेलेला उंदीर होता तो पुठ्ठ्यावर घेतला आणि बाहेर टाकून आले. भाऊ म्हणाले, "लय काम केलं तू." ते शब्द अजून कानात आहेत आणि त्यांची मला अजून लाज वाटते.

दुकान महिन्याभरात बंद झालं. त्या दिवसांत जो कुणी गिऱ्हाईक आला त्याला भाऊंनी समोर पाठवलं. "तठी कागद देतेत," म्हणत, आणि आता त्यात टोमणा नव्हता. काचेच्या दुकानाचा मालक स्वतः बोळ ओलांडून आला आणि म्हणाला, "भाऊ, असं नका करू, तुमच्यापायी तर इकडं लोक येतात." भाऊ हसले, ऐकलं नाही. शेवटच्या दिवशी फळीवरचा सगळा माल त्यांनी पिंपात टाकला. त्यात चांगला माल होता, माझ्या देखत जमवलेला. मी म्हटलं, विका ना हा तरी. तर म्हणाले, "कोनाच्या नाकावर इकू?" भंगारवाला हातगाडी घेऊन आला होता. त्याने पिंपच उचललं.

भाऊ गावी राहायला गेले. मी सात-आठ महिने गेले नाही. फोन करायची, तब्येत विचारायची, ठेवून द्यायची. मला झोप लागत नव्हती असं म्हटलं तर ते खोटं होईल. झोप लागायची, जेवण जायचं, क्लास चालायचा. पण क्लासमध्ये एखादी मुलगी 'मॅडम, तुमाले सगळं समजते' असं म्हणाली, की मला तिच्यासमोर उभं राहवत नसे. शेवटी हिवाळ्यात एका गुरुवारी फाट्यावर उतरले.

विहाराची भिंत नव्याने रंगवलेली होती. खिडकीतून आत नवं कपाट दिसलं, लोखंडी. दोन कप्प्यांत पुस्तकं होती, बाकीचे कप्पे रिकामे. भाऊ घराच्या ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मला पाहून त्यांना खरंच आनंद झाला. "ये पोरी, ये!" म्हणून त्यांनी आत वहिनींना हाक मारली. मला वाटलं, चहा येऊन गेला की बोलू. मग वाटलं, चहा घेतला तर बोलणं होणार नाही. उभ्याउभ्याच बोलले.

"भाऊ, त्या सातव्या सप्लायचा मले वास आला होता."

त्यांचे हात थांबले.

"आला होता, अन् मी धूळ म्हन्लं. लॉट वापस करसान म्हनून. अन् मंग तो एक मी मुद्दाम नाही नेला."

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या, त्या तशाच परत आत गेल्या. भाऊंनी हातातली शेंग खाली ठेवली. मला वाटलं ओरडतील. मला तर तेच हवं होतं.

"कसा होता वास?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. करपलेला गूळ, आणि खाली सुकट. ऐकताना त्यांनी डोळे मिटले होते, दुकानात मिटायचे तसेच.

"कॅपॅसिटर," ते म्हणाले. "फुगला असन एक. अर्ध्या घंट्याचं काम होतं. डबा उघडून बदलून देल्ला असता."

"पन तुमची रीत, भाऊ. एक नासका तं सगळा लॉट—"

"रीत मायीच होती ना? तुमची सोमवारी तपासणी होती, हे मले मालूम नव्हतं का? ठेवला असता मी लॉट. तुमी सांगतलं असतं तं ठेवला असता, मॅडम."

मग त्यांनी शेंगा सोलायला घेतल्या. वहिनींनी चहा आणला, जेवून जा म्हणाल्या, मी जेवले. तुरीच्या सोल्यांची आमटी होती. भाऊ माझ्याबरोबरच जेवले, क्लासमध्ये किती पोरं आहेत ते विचारलं, निघताना पिशवीभर शेंगाही दिल्या. अंगणाच्या फाटकापर्यंत पोचवायला आले. "सांभाळून जा, मॅडम," म्हणाले. चिडून नाही म्हणाले. नीटच म्हणाले.

हे वाचून भाऊ गेले असं कुणाला वाटलं असेल, तर तसं नाही. भाऊ आहेत. सकाळी शेतापर्यंत फिरून येतात, अभ्यासिकेच्या कपाटासाठी पुस्तकं मागत पंचक्रोशीत हिंडतात, वास अजून आलेला नाही असं ऐकते. त्या लॉटमधले माझे दहाही सप्लाय अजून चालू आहेत, एकालाही काही झालेलं नाही. मी आता पार्ट समोरच्या काचेच्या दुकानातून घेते आणि कागद घेते. दर गुरुवारी जाताना आणि येताना एसटी त्या फाट्यावर थांबते, कुणीतरी चढतं, कुणीतरी उतरतं. मीही उतरू शकते. उतरले तर ते ओट्यावर जागा करून देतील, वहिनी चहा टाकतील, क्लास कसा चालला ते विचारतील, आणि मला एक वाकडा शब्द बोलणार नाहीत. मला तेच सोसवत नाही, म्हणून मी बसूनच राहते.